खाणीतलं विमान

नवऱ्याला नदीवरून घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर गेले. जाताना दाराला बाहेरून कडी घातली.

देहूच्या अलीकडे इंद्रायणीत तो कमरेएवढ्या पाण्यात कपड्यांनिशी उभा होता. धुणं धुणाऱ्या एका बाईने आरडाओरडा केला, दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं आणि त्याच्याच मोबाइलवरून मला फोन लावला. मी पोचले तेव्हा तो घाटाच्या पायरीवर बसला होता. त्याला पोहता येत नाही. माण तालुक्यातला माणूस, लहानपणी टँकरशिवाय पाणी पाहिलेलं नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं, मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले.

"काय करत होता पाण्यात?" मी विचारलं.

"काही नाही."

मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं, त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घ्यायला लावले आणि चिखलीला घरी आणलं.

तो चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होता. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. डाय, फिक्श्चर, गेज, जे काही अचूक करायचं ते त्याच्या टेबलावर यायचं. मग कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. हार घातला, समोसे झाले, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पहिले काही दिवस त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. बिजागऱ्यांना तेल घातलं. नंतर घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला, तो नदीवर जाईपर्यंत.

नदीवरून येताना आधी दवाखान्यात नेलं; तिथली डॉक्टर आमच्या भाचीएवढी असेल. तिने गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना एकटं सोडू नका. आणि मनात तसा विचार येतो का, ते स्पष्ट विचारत जा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो."

यातलं एकही मला जमलं नाही. घरात मिळवणारी आता मी एकटी. मी महाळुंग्याला एका पॅकेजिंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. गाड्यांचे सुटे भाग ज्या फोमच्या साच्यांत बसवून पाठवतात, ते साचे आम्ही कापतो. तिथे रजा मागितली तर माझ्या जागी उभी राहायला बायका दारातच असतात. म्हणून कडी. आणि विचारायचं म्हणाल तर, मी कंत्राटदाराला, ट्रान्सपोर्टवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनला तोंडावर काहीही विचारू शकते. नवऱ्याला हे विचारायला तोंड उघडलं की मी म्हणायचे, "चहा घेणार का?"

दवाखान्यात तो पुन्हा यायला तयार नव्हता. "मी वेडा नाही," एवढंच म्हणाला. गोळ्या मी समोर उभं राहून गिळायला लावायचे.

समोरच्या दारातली शेजारीण लातूरकडची, घरी ब्लाउज शिवते. तिला मी सांगितलं होतं की यांना बीपी आहे, झोप लागते, कडी काढू नकोस.

"दिवसभर झोपतेत का ओ भाऊजी?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांना तेच बीपी लावा की. निदान घरी तरी राहतेल."

मी हसले आणि जिना उतरले.

चहाच्या प्रत्येक सुट्टीत मी घरी फोन करायचे. तो उचलायचा, "हं" म्हणायचा, ठेवायचा. त्या "हं"वर पुढची सुट्टी होईपर्यंत माझं काम चालायचं. एकदा त्याने फोन उचलला नाही. मी हेल्मेटचं बक्कल न लावता, ट्रकांच्या मधून घरी आले. तो मोबाइलवर एक व्हिडिओ बघत बसला होता. आवाज बंद. परदेशातला कोणी म्हातारा, फोमबोर्डचं भलंमोठं विमान तळ्यावर सोडतो. विमान पाणी कापत जातं आणि एका क्षणी पाण्यातून सुटतं. तो तेवढाच भाग पुन्हा पुन्हा मागे नेत होता. माझा फोन त्याने कट केला होता, कारण फोन आला की व्हिडिओ थांबायचा.

पूर्वी टूलरूमची चार-पाच माणसं रविवारी माळावर रिमोटची लहान विमानं उडवायची, त्यात हाही होता. त्या माळावर आता इमारती आहेत. रिमोट, मोटरी, बॅटऱ्या माळ्यावर एका खोक्यात पडून होत्या. मी त्याच संध्याकाळी खोकं खाली काढलं आणि म्हणाले, "हे पाण्यावरचं बनवू या."

मला पाणी नको होतं, हे सांगायला नको. पण कितीतरी आठवड्यांत त्याने शेवटपर्यंत बघितलेली ही एकच गोष्ट होती. दुसरं काही असतं तर मी दुसरं घेतलं असतं.

फ्लेक्स-बॅनरच्या दुकानातून मी पांढरे तक्ते आणले. दुकानदार म्हणाला, तेच ते, फोमबोर्डच. स्कूटरवर ते आडवे धरून भोसरीपासून आणताना वाऱ्याने मी दोनदा पडता पडता वाचले. नवऱ्याने पलंगावर पडल्या पडल्या हात लांब करून एका तक्त्याचा कोपरा उचलला.

"हे सनबोर्ड आहे. जड. याचं विमान होणार नाही, पाटी होईल."

बऱ्याच दिवसांनी तो पूर्ण वाक्य बोलला होता, आणि तेही मला मूर्ख ठरवायला. मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात तो दोन्ही बाजूंनी कागद लावलेला हलका फोमबोर्ड आणला. फरशीवर बसून व्हिडिओ बघत पंखाचा पहिला तुकडा मी कापला. आमच्या युनिटमध्ये पातं आरपार जातं, तशी माझ्या हाताला सवय. मी आरपार कापला.

"खालचा कागद का कापलास?" पलंगावरून आवाज आला.

"मग कापायचा कसा?"

"वरचा कागद आणि फोम कापायचा. खालचा कागद ठेवायचा, तो बिजागरी. त्यावर दुमडायचं." मग थोड्या वेळाने, "पातं बोथट आहे तुझं. बदल." आणि आणखी थोड्या वेळाने तो उठून फरशीवर आला आणि माझ्या हातातून कटर काढून घेतला. मी मुद्दाम चुकले असं शेजारणीला पुढे वाटलं. तसं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

दुपारच्या फोनवरचा "हं" बदलला. "पंखाच्या आतली रिब उलटी चिकटवलीस." "गोंदाच्या काड्या आण." "तू पेन्सिल कानाला लावून कामावर गेलीस का?" मी लावूनच गेले होते.

विमान मोठं होतं. पंख बाहेरच्या खोलीत तिरपे ठेवले तरच मावायचे आणि मग टीव्हीपर्यंत जायला त्यांच्याखालून वाकून जावं लागायचं. खालचं धड होडीसारखं. त्याच्या तळाला मधोमध एक पायरी असते. ती नसली तर पाणी विमानाला सोडत नाही, चिकटून धरतं, असं त्याने मला समजावलं. त्या पायरीवर तो बोटं फिरवत बसायचा.

टूलरूमचा एक नियम त्याने घरात आणला. ज्याने जॉब बनवला त्याने तो पास करायचा नाही. मी कापलेलं तो तपासणार, त्याने जोडलेलं मी.

"नापास," तो म्हणायचा.

"कुठे नापास? अर्धा मिलिमीटर फरक आहे!"

"अर्ध्या मिलिमीटरने वाकडं उडेल."

"भाजी वाकडी चिरते ती खाता ना?"

"भाजी उडत नाही."

त्याच्या कामाची तपासणी मी माझ्या पद्धतीने करायचे. धडाच्या आत मोबाइलची टॉर्च लावून ठेवायची, खोलीतले पडदे ओढायचे, दिवा बंद करायचा. जिथून उजेड बाहेर येईल तिथून पाणी आत जाईल. तिथे पेन्सिलने खूण. ही युक्ती त्याला आवडली होती, तसं त्याने म्हटलं नाही, पण पडदे तोच ओढायला लागला.

मग एका रविवारी तो म्हणाला, "जागा बघून येऊ."

मोशीच्या पलीकडे दगडाच्या जुन्या खाणी आहेत, काम बंद पडल्यावर पाण्याने भरलेल्या. एका खाणीला एका बाजूने उतार आहे, बाकी तिन्ही बाजूंना सरळ तुटलेला कातळ. तिथे एक म्हातारा म्हशी घेऊन बसला होता. नवऱ्याने त्याला पहिलाच प्रश्न विचारला.

"किती खोल आहे?"

"मोजलंय कुनी," म्हातारा म्हणाला. "उतारावर चार पावलं हाय जमीन. म्होरं न्हाई. माजी म्हस बी म्होरं जात न्हाई, ती शानी हाय. का वं? मासं धरायचं?"

"विमान उडवायचंय."

"व्हय?" त्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी तरी सांगा की ह्यांना, इमानतळ पुन्याला हाय."

नवरा हसला. मी हसू शकले नाही. परत येताना माझ्या कानात एकच गोष्ट होती, की जागा किती लांब, वारा कुठून, हे काहीही न विचारता त्याने आधी खोली विचारली.

त्या दिवसापासून विमान पुढे सरकलेलं मला नको असायचं. मोटर पंखांच्या वर बसली, पाणी लागू नये म्हणून. शेपूट बसलं. पंखांखाली दोन बोटं धरून विमान कुठे सरळ तोललं जातं ते त्याने बघितलं आणि तिथे पेन्सिलने टिंब काढलं. तो दाढी करायला लागला होता, अंघोळीला सांगावं लागत नव्हतं, आणि माझा जीव टांगणीला. बनतं आहे तोवर तो आहे, एवढंच मला कळत होतं. झाल्यावर काय?

म्हणून मी चांगलं काम नापास करायला लागले. टॉर्च लावायची, कुठेही उजेड नसायचा, आणि मी म्हणायचे, "इथून येतोय." तो उकलायचा, पुन्हा जोडायचा. पुन्हा मी म्हणायचे, "इथून." पहिल्यांदा त्याने मान्य केलं. दुसऱ्यांदा तो माझ्या शेजारी वाकून बघत राहिला.

"इथून काही येत नाहीये," तो म्हणाला.

"मला दिसतंय."

"तुला चष्मा लागलाय."

"असेल. पण नियम तुमचाच आहे. तपासणारी मी."

त्याने ब्लेड घेतलं आणि धडधाकट सांधा उकलला. ज्या माणसाने जन्मभर चुकीचा जॉब पुढे जाऊ दिला नाही त्याला मी बरोबर जॉब फाडायला लावत होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तो आणखी एक दिवस फरशीवर बसणार होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

शेवटचा तुकडा शेपटाखालचा. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा ट्रक गेटवर उभा होता आणि मला ओव्हरटाइमला थांबावं लागलं. घरी आले तर शेपूट बंद, वरून टेप, टेपवर वॉर्निशचा हात.

"कोणी पास केलं?" मी विचारलं.

"मी."

"नियम?"

"नियम दोघांनी पाळायचा असतो," तो म्हणाला. "उद्या सकाळी जायचं. उशीर झाला की वारा सुटतो."

मी नको म्हटलं असतं तर तो एकटा गेला असता. आता मी कडी घालत नव्हते. घातली असती तर तो विमान कशासाठी बनवतो आहे हा प्रश्न मला त्याच्यासमोर उभं राहून विचारावा लागला असता. म्हणून मी युनिटमध्ये फोन करून खोटं सांगितलं की पोट बिघडलंय, आणि सकाळी शेजारच्या इमारतीतल्या एकाच्या टेम्पोत पंख, धड आणि नवरा घालून खाणीवर गेले. टेम्पोवाला आम्हाला सोडून गेला. म्हातारा नव्हता, म्हशी नव्हत्या. कोणीच नव्हतं.

त्याने उतारावर विमान जोडलं, रबर ओढून पंख बसवले, पाण्यात ठेवलं. ते तरंगलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मोटर सुरू झाली, पाण्याच्या दोन शुभ्र रेघा उठल्या आणि विमान पळायला लागलं. आधी जड, नाक वर, मग हळूहळू आडवं होत, मग त्या पायरीवर. आणि सुटलं. मी ते व्हिडिओत शंभरदा पाहिलं होतं, तरी माझ्या तोंडून आवाज निघाला.

"बघ!" तो ओरडला. "बघ, सोडलं! सोडलं पाण्याने!"

त्याने विमान कातळाच्या कडेकडेने दोनदा फिरवलं. तो रिमोटवर वाकून, जीभ दातांत धरून उभा होता. मग त्याचा चेहरा बदलला. "शेपूट जड झालंय," तो म्हणाला आणि विमान खाली घेतलं. उतरलं नीट. पण उतरल्यावर ते मागे बसत गेलं, शेपूट पाण्यात आणि नाक आभाळाकडे. धावताना मागून पाणी आत गेलं होतं. त्याने ते काठाकडे वळवायला मोटर दिली. मोटर एकदा घरघरली आणि बंद पडली. विमान खाणीच्या मधोमध थांबलं.

तो थोडा वेळ रिमोटच्या काड्या इकडेतिकडे करत राहिला. मग रिमोट दगडावर ठेवला आणि पँट दुमडायला लागला. घोट्यापर्यंत एक घडी, मग आणखी एक, नीट.

"कुठे?" मी म्हणाले.

"आणतो."

"पोहता येतं का?"

"जवळ आहे."

जवळ नव्हतं. मी सहज पोहून गेले असते. पण मी पाण्यात गेले असते तर काठावर तो एकटा राहिला असता. म्हणून मी गेले नाही. तो दोन पावलं पाण्यात गेला आणि मी मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. माझ्या चपला शेवाळावरून सरकत होत्या.

"मरायला निघालात का?"

अखेर विचारलं ते असं, त्याच्या पाठीला, धापा टाकत.

तो थांबला. मान वळवली नाही.

"विमान आणायला."

"आणि?"

पाणी त्याच्या दुमडलेल्या घडीच्या वर आलं होतं.

"सकाळी नुसतं विमान होतं," तो म्हणाला.

"आता?"

"आता माहीत नाही. पाणी दिसलं की ते येतं."

"मग पाण्यावरचं कशाला बनवलंत?"

"तूच म्हणालीस बनवू या."

ते खरं होतं. मी पट्टा सोडला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट राहिली होती, तीही बाहेर आली. "शेपूट मुद्दाम तसं ठेवलंत का? मध्येच बंद पडावं म्हणून?"

आता तो वळला, इतक्या जोरात की मी पडता पडता राहिले. चेहरा रागाने लाल.

"मुद्दाम? मी जॉब मुद्दाम खराब करीन? मी?" त्याचा आवाज कातळावर आपटून परत आला. "तू चांगल्याला नापास करत होतीस! दोनदा उकललं मी बरोबर काम! तिसऱ्यांदा तुला दाखवलं असतं तर पुन्हा फाडायला लावलं असतंस. म्हणून नाही दाखवलं. मला उडवायचं होतं. कळलं? मला ते आज उडवायचं होतं!"

"कळलं," मी म्हणाले. "बाहेर या."

तो आला. उतारावर बसला आणि पँटच्या घड्या उलगडायला लागला. मी त्याला धरून बसले, प्रेमाने वगैरे नाही, पट्टा धरून. विमान तसंच होतं, नाक वर. वारा सुटला पण तो आमच्या बाजूने पलीकडे वाहत होता, आणि विमान हळूहळू लांबच्या कातळाकडे गेलं, जिथे उतरायला वाट नाही.

"बॅटरी आत आहे," तो म्हणाला.

"राहू दे. ओपीडी बारापर्यंत असते. उठा."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. तो उठला. रस्त्यावर येऊन आम्ही रिक्षा धरली. तो ओल्या पँटने दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला, केसपेपर स्वतः काढला. डॉक्टरच्या खोलीत मी त्याच्याबरोबर गेले. तिने विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "पाणी दिसलं की विचार येतो," आणि मग तिने मला बाहेर बसायला सांगितलं.

मी बाकावर बसले. आत बोलणं चालू होतं, शब्द ऐकू येत नव्हते. त्याचा आवाज येत होता, थांबून थांबून. बराच वेळ.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नवी चिठ्ठी होती. "पुढच्या आठवड्यात बोलावलंय," तो म्हणाला. मग औषधाच्या खिडकीसमोर उभं असताना, "ते काढायला हवं. बॅटरी पाण्यात फुगते. उद्या जाऊ."

उद्या जाऊ म्हणतो याचा आनंद मानायचा की भीती, मला कळेना. त्यालाही कळत असेल असं वाटत नाही. विमान तिथे सोडलं तर तो कधीतरी एकटा जाईल, एवढं मात्र नक्की होतं. मग मी काय करता येईल तेवढंच बघितलं. मला पोहता येतं. दोर मिळेल. कमी पडत होतं ते काठावरचं माणूस.

मी कोपऱ्यात जाऊन शेजारणीला फोन लावला.

"उद्या सकाळी मोकळी आहेस का?" मी म्हणाले. "खाणीत विमान अडकलंय. मी पाण्यात उतरणार आहे. तोवर यांना काठावर कोणीतरी धरून बसायला हवं."

"धरून म्हंजे?" ती म्हणाली. "भाऊजींला चक्कर येतेत का? बीपीनं?"

"बीपी नाही," मी म्हणाले, आणि नदीपासून सांगायला सुरुवात केली.